उत्तरपत्रिका आणि विज्ञानवृत्ती

ज्याला विज्ञानात गुण अधिक त्याला विज्ञानाची ओढ अधिक, आणि ज्याला ओढ नाही त्याला गुण नाहीत, हे गृहीतक आपल्या समाजात इतके रुळले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. दहावीचा निकाल लागला की घरोघरी या गृहीतकानुसार वाटणी होते. नव्वदीच्या वर टक्के मिळवणारा मुलगा 'सायन्सचा' ठरतो. त्याच्या खालचा वाणिज्याचा आणि उरलेला कलाशाखेचा. मी साहित्याचा अभ्यासक. विज्ञानाने परत पाठवलेले विद्यार्थी ज्या वर्गात येऊन बसतात, त्या वर्गात माझे अध्यापनाचे आयुष्य गेले. त्यांच्यापैकी कित्येकांना पावसाचे, पाखरांचे, यंत्रांचे कुतूहल होते. आणि पलीकडच्या इमारतीत गुणवत्ता यादीतून आलेल्या कित्येकांना ते नव्हते. एवढ्यावरून नियम काढता येणार नाही. परंतु प्रश्न मात्र निश्चित उपस्थित होतो : विद्यार्थ्याची विज्ञानाविषयीची वृत्ती आणि त्याचे परीक्षेतील यश यांचा परस्परसंबंध नेमका कोणता? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो कोणता असावा?

प्रथम 'वृत्ती' या शब्दाचा विचार केला पाहिजे. मानसशास्त्रज्ञ 'अभिवृत्ती' असा पारिभाषिक शब्द वापरतात. पण साधा 'वृत्ती' हा शब्द आपल्या भाषेत अधिक बोलका आहे. मनाचा स्थायी कल हा त्याचा एक अर्थ. उपजीविकेचे साधन हा दुसरा. जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णीपणाची वृत्ती असे जुन्या कागदपत्रांत येते ते या दुसऱ्या अर्थाने. 'शिष्यवृत्ती' या शब्दातही तोच अर्थ आहे. आपला सारा घोटाळा या दोन अर्थांच्या सरमिसळीत असावा. विज्ञानाकडे मन वळणे ही एक वृत्ती; विज्ञानाच्या गुणांवर पोट चालवणे ही दुसरी. परीक्षा दुसरीचे दार उघडते, आणि आपण समजतो की तिने पहिलीचीही ग्वाही दिली.

मनाचा कल म्हणून जी वृत्ती आहे, तीही एकजिनसी नाही. तिच्यात किमान तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. एक आवड : विषयात रमणे, वेळेचे भान सुटणे. दुसरी जिज्ञासा : न समजलेल्या गोष्टीपाशी थांबण्याची तयारी. तिसरा विवेक : पुराव्याच्या प्रमाणातच विश्वास ठेवणे, आणि पुरावा विरुद्ध गेला तर मत सोडणे. भारतीय राज्यघटनेत १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने जे मूलभूत कर्तव्य समाविष्ट झाले, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा एकत्र उल्लेख आहे. तेथे अभिप्रेत आहे ती मुख्यतः ही तिसरी गोष्ट. या तीन गोष्टी एकाच व्यक्तीत एकत्र नांदतातच असे नाही. १९९५च्या सप्टेंबरात गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता एका दिवसात देशभर पसरली. त्या दिवशी देवळांपुढच्या रांगांत विज्ञानाचे पदवीधरही उभे होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांवरचे प्रश्न त्यांनी कधीकाळी सोडवलेच होते.

या विषयावर जगभर बरेच संशोधन झाले आहे, आणि त्याचा निष्कर्ष गृहीतकाला धक्का देणारा आहे. गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत एकाच देशातले विद्यार्थी एकमेकांशी ताडून पाहिले, तर विज्ञान आवडणाऱ्याला गुण काहीसे अधिक मिळतात, असे साधारणतः दिसते. पण देश देशाशी ताडून पाहिले की चित्र उलटते. जपान, दक्षिण कोरिया, तैवान यांचे विद्यार्थी गुणांत वर्षानुवर्षे अग्रभागी. पण विषयाची आवड आणि स्वतःविषयीचा विश्वास विचारला, तर तेच कितीतरी मागे. नॉर्वेचे शिक्षणतज्ज्ञ स्वाइन शोबर्ग यांच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींची मनोवृत्ती अभ्यासली गेली. देश जितका समृद्ध, तितके तेथील मुलांना विज्ञानाचे आकर्षण कमी, असे त्यातून आढळले. गरीब देशांतली मुले शास्त्रज्ञ होण्याची स्वप्ने पाहत होती. श्रीमंत देशांतली मुले त्याच प्रश्नावर खांदे उडवत होती.

आपला देश या मोजणीत फारसा उतरला नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९च्या फेरीला जोडून जी पुरवणी फेरी झाली, तिच्यात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोनच राज्ये सहभागी झाली. २०११ च्या अखेरीस निकाल आला तेव्हा सत्तरहून अधिक सहभागींत ही दोन्ही राज्ये अगदी तळाशी होती. चाचणी आपल्या सांस्कृतिक संदर्भाला धरून नाही असे कारण देण्यात आले, आणि पुढच्या २०१२, २०१५, २०१८ या फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. चाचणीवर आक्षेप असू शकतात. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शालेय शिक्षणात देशातल्या आघाडीच्या राज्यांत गणली जाणारी ही राज्ये होती. त्यांच्या स्वतःच्या शालान्त परीक्षांत दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी उत्तीर्ण होत होते. म्हणजे एका परीक्षेतले यश दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेतही टिकत नाही. मग ते वृत्तीची साक्ष कशी देणार?

तमिळनाडूचा उल्लेख येथे केवळ त्या निकालासाठी केलेला नाही. मद्रास, म्हणजे १९९६ पासूनचे चेन्नई, या एका शहराच्या विद्याजीवनात परीक्षा आणि वृत्ती यांच्या नात्याचे इतके निरनिराळे नमुने आढळतात की या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला त्या शहराकडे वळावेच लागते. विशेष म्हणजे त्या नमुन्यांत मराठी माणसांचाही वाटा आहे.

पहिला नमुना सर्वांना ठाऊक आहे. श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितापलीकडे कशातच लक्ष न दिल्यामुळे ती गेली. १९०६ मध्ये ते मद्रासच्या पच्चयप्पा महाविद्यालयात आले. एफ.ए.च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. पुढल्या वर्षी पुन्हा अनुत्तीर्ण झाले. गणित उत्तम, पण शरीरशास्त्रासारख्या विषयांत गुण नगण्य. शिष्यवृत्ती गेली, वृत्ती मात्र राहिली. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकून झाले. पुढे केंब्रिजच्या हार्डींना १९१३ च्या जानेवारीत लिहिलेले पत्र, मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही दिलेली दरमहा पंच्याहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९२० मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू, हा सारा इतिहास परिचित आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, रामानुजनना ओळखले ते कोणत्याही परीक्षेने नव्हे. डेप्युटी कलेक्टर असलेले व्ही. रामस्वामी अय्यर, नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव, पोर्ट ट्रस्टमधले नारायण अय्यर, अशा काही माणसांनी त्यांच्या वह्या उघडून पाहिल्या, समजल्या तेवढ्या समजून घेतल्या, आणि जे समजले नाही त्याचाही आदर केला. आणखी एक गोष्ट : रामानुजन आपल्या प्रतिभेचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. आवड आणि जिज्ञासा यांची पराकोटी झालेल्या मनात आपण ज्याला बुद्धिवाद म्हणतो तो असेलच असे नाही, हेही या उदाहरणातून दिसते.

दुसरा नमुना नेमका उलट आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून बी.ए.ला पहिले आले. पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. एम.ए. होण्यापूर्वीच, १९०६ मध्ये, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्णपटमापकावर लोलकाचा कोन मोजण्याचा प्रयोग, जो आजही महाविद्यालयीन विद्यार्थी करतात, तो करीत असता लोलकाच्या पृष्ठावरून तिरकस परावर्तित होणाऱ्या प्रकाशात त्यांना विवर्तनाचे पट्टे दिसले, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. प्रयोगाच्या उद्दिष्टाशी त्या पट्ट्यांचा संबंध नव्हता. कोन मोजून, वहीत आकडा लिहून मोकळे होता आले असते. रामन थांबले. त्यानंतर १९०७ मध्ये वित्तखात्याची स्पर्धा परीक्षा देऊन त्यांनी तीतही पहिला क्रमांक पटकावला आणि कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून ते रुजू झाले. म्हणजे ज्या परीक्षापटुत्वाने त्यांना वर आणले, त्यानेच त्यांना विज्ञानाबाहेर नेले. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर बऊबाजारातल्या संस्थेत त्यांना परत आणले ते वृत्तीने.

तिसरा नमुना त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा. तेही प्रेसिडेन्सीचे, तेही परीक्षांत अग्रेसर. १९२८ मध्ये जर्मन पदार्थवैज्ञानिक झोमरफेल्ट मद्रासला आले, तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांचा अणुरचनेवरचा ग्रंथ पचवलेला होता. भेटीत झोमरफेल्टनीच त्याला सांगितले की, तो ग्रंथ आता जुना झाला. पुंजवादाने सारे बदलले आहे. कष्टाने मिळवलेले ज्ञान ग्रंथकर्त्याच्याच तोंडून कालबाह्य ठरले! एखादा परीक्षार्थी हिरमुसला असता, किंवा 'अभ्यासक्रमात तर हेच आहे' असे म्हणून निर्धास्त झाला असता. चंद्रशेखर नव्या सिद्धांताच्या मागे लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आला.

या तीन नमुन्यांवरून 'परीक्षेत नापास होणे हे प्रतिभेचे लक्षण' असा जो सवंग निष्कर्ष काही वक्ते व्यासपीठावरून काढतात, तो सर्वस्वी चुकीचा आहे. एक रामानुजन आपल्याला ठाऊक आहे तो शेवटी कोणीतरी ओळखला म्हणून. अनुत्तीर्ण झालेले बाकीचे हजारो प्रतिभावंत होते असे मानायला आधार नाही. तसेच रामन आणि चंद्रशेखर पहिले आले, म्हणून पहिले येणारे सारे त्यांच्यासारखे असतात असेही नाही. निघतो तो निष्कर्ष एवढाच : परीक्षेने एकाला नाकारले आणि दोघांना स्वीकारले, परंतु तिघांतही जे मोलाचे होते त्याची नोंद तिने घेतली नाही. लोलकावरचे पट्टे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हते. परीक्षा ज्ञात गोष्टींच्या आत फिरते. वृत्तीची कसोटी लागते ती ज्ञात संपते तेथे. आपल्याला माहीत नाही असे कळल्यावर, किंवा माहीत होते ते चुकीचे होते असे कळल्यावर माणूस काय करतो, ते म्हणजे त्याची वृत्ती.

मराठी वाचकाला येथे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणातल्या मुर्डीचा हा विद्यार्थी १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सर्वप्रथम आला. सीनियर रँग्लर होणारा तो पहिला भारतीय. हा मान त्याला एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळाला होता. महाराष्ट्राने 'रँग्लर' ही पदवी त्याच्या नावाला कायमची जोडून टाकली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच परीक्षेत चौथ्या क्रमांकावर होते जी. एच. हार्डी. चौथ्या आलेल्या हार्डींनी ट्रायपॉसविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली. गुणानुक्रमे यादी लावण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली ती त्या सुधारणांतून. इतके करूनही त्यांचे समाधान झाले नाही. १९२६ मध्ये गणित संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात ही परीक्षा सुधारण्यापेक्षा मोडीत काढावी, अशा अर्थाची मांडणी त्यांनी केली. या परीक्षेमुळे तल्लख मुले वर्षानुवर्षे ठरावीक कोडी सोडवण्याचा सराव करतात आणि जिवंत गणितापासून दूर राहतात, हा त्यांचा मुख्य रोख होता. मद्रासच्या नापास कारकुनाच्या पत्रावर ज्या माणसाची नजर खिळली, तो परीक्षेचा असा कडवा टीकाकार असावा हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

परांजपे गणितातले संशोधक म्हणून नव्हे, तर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून, शिक्षणाचे प्रसारक म्हणून आणि निर्भीड बुद्धिवादी म्हणून स्मरणात राहिले. १९४९ मध्ये मद्रासला इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते रँग्लर परांजपे. त्याच १९४९ साली मद्रासच्याच गणित परिषदेत देवळालीच्या एका शाळामास्तरांनी ६१७४ या अंकाचा विलक्षण गुणधर्म सादर केला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. हीच क्रिया पुनःपुन्हा करा, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येऊन उभा राहतो. हे शिक्षक म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. बी.एस्सी.पलीकडे पदवी नाही, विद्यापीठात पद नाही. विद्यार्थिदशेत फर्ग्युसनमध्ये मिळालेले गणिताचे पारितोषिक होते ते मात्र रँग्लर परांजपे यांच्याच नावाचे. त्यांच्या अंकक्रीडेकडे अनेक विद्वानांनी दुर्लक्ष केले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन मराठी माणसे : एकात परीक्षेतले सर्वोच्च यश आणि विवेक, दुसऱ्यात मास्तरकीच्या पगारावर जन्मभर जपलेली निखळ आवड. दोघांनाही विज्ञानवृत्तीचे मानले पाहिजे. पण त्यांना एका गुणपत्रिकेत बसवता येणार नाही.

आता दुसरी बाजू. परीक्षेची निंदा करणे सोपे आहे, आणि ज्यांना परीक्षेवाचूनही दारे उघडी असतात त्यांना ती अधिकच सोपी जाते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, जात नसते, बापाचा हुद्दा नसतो. बैठक क्रमांक असतो. ज्या समाजात 'ओळखणाऱ्याची नजर' बहुधा आपल्याच आळीपुरती पोहोचते, त्या समाजात या आंधळेपणाचे मूल्य मोठे आहे. रामानुजनना ओळखणारे भेटले. ते ज्या वर्गात जन्मले त्या वर्गाबाहेरच्या मुलाला तसे किती भेटले असते? कमला भागवत यांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घ्यावे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी तिने अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. ती स्त्री आहे या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही. तेव्हा वर्षभर चाचणीवर, काही अटी घालून तिला घेण्यात आले. तिच्या कामाने रामन यांचे मत पालटले, आणि पुढे संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले. कमलाबाई केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. लोलकावर अनपेक्षित पट्टे दिसले तेव्हा जे डोळे थांबले, ते समोर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीपाशी मात्र प्रथम थांबले नाहीत. जिज्ञासा एका क्षेत्रात जागी असताना विवेक दुसऱ्या क्षेत्रात निजलेला असू शकतो. अशा वेळी त्या मुलीच्या हाती स्वतःचे म्हणून काय होते? परीक्षेतला पहिला क्रमांक. तो पुरेसा पडला नाही. पण तो नसता तर दार ठोठावण्याचा अधिकारही तिला कोणी दिला नसता.

तमिळनाडूत अलीकडे याच प्रश्नाने उग्र रूप घेतले. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षा २००७ पासून त्या राज्याने रद्द केल्या होत्या. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. २०१७ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा तेथेही बंधनकारक झाली. अरियलूर जिल्ह्यातल्या, मजुरी करणाऱ्या बापाच्या एका दलित मुलीने त्या वर्षी बारावीला बाराशेपैकी अकराशे शहात्तर गुण मिळवले होते. नव्या परीक्षेत तिचा निभाव लागला नाही. तिने न्यायालयात दाद मागितली, आणि तेथेही यश न आल्यावर त्याच सप्टेंबरात आपले जीवन संपवले. निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात या परीक्षेचा लाभ शहरी, सधन आणि खासगी शिकवणी परवडणाऱ्यांना अधिक होतो असे दाखवून ती हटवण्याची शिफारस केली. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्या मुलीविषयी बोलताना दोन्ही पक्ष गुणांचीच भाषा बोलत राहिले : एक अकराशे शहात्तर म्हणत होता, दुसरा प्रवेशपरीक्षेचे तिचे तोकडे गुण दाखवत होता. तिला वैद्यकशास्त्राची ओढ होती का, कशी होती, हा प्रश्न विचारायला व्यवस्थेत जागाच नव्हती. आपण मुलाचे गुण हेच मूल मानले, की गुण गेल्यावर त्याला आपले म्हणून काही उरले आहे असे वाटत नाही. या प्रश्नाची नैतिक निकड येथे आहे.

मग वृत्तीचीच परीक्षा घ्यावी काय? तसे प्रयत्न झाले आहेत, आणि ते आदरणीय आहेत. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुले प्रयोग करून शिकत. परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा असे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. पाठांतराला तेथे भाव नव्हता. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, शासनाने तो बंद केला. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर प्रयोग, कृतिप्रकल्प आणि मुलाखत यांचा समावेश आहे. हेतू निर्मळ, पण आज त्या स्पर्धेच्या तयारीचेही खासगी वर्ग चालतात, हे पालकांना ठाऊक आहे. यात स्पर्धेचा दोष नाही. ज्याला गुण मिळतात त्याची नक्कल निर्माण होते, हा समाजव्यवहाराचा नियमच आहे. आम्हा साहित्याच्या शिक्षकांनी तो फार पूर्वी अनुभवला. कवितेचे रसग्रहण प्रश्नपत्रिकेत आले, त्या दिवसापासून गाईडमध्ये तयार रसग्रहणे आली. 'कवीने येथे सुंदर कल्पना केली आहे' हे वाक्य ज्याने कविता वाचलीच नाही तोही लिहू लागला. उद्या 'जिज्ञासा' या सदराखाली दहा गुण ठेवले, तर तयार प्रश्नांची पुस्तिका बाजारात येईल. वृत्तीची परीक्षा घेऊ गेलो की वृत्तीचा अभिनय हाती लागतो.

परंतु परीक्षा वृत्ती मोजू शकत नाही, एवढाच दोष असता तर तो क्षम्य होता. तराजूने उंची मोजता येत नाही म्हणून आपण तराजूला नावे ठेवीत नाही. खरी चिंता वेगळी आहे : आपली परीक्षा विज्ञानवृत्तीच्या विरुद्ध वृत्ती शिकवते. विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे, प्रयोगवही कशी लिहिली जाते. लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण काढायचे असते. उत्तर आधीच ठाऊक आहे : सेकंदास सेकंदास ९.८ मीटर. मुलाच्या हाती येते १०.४. दोरीची लांबी चुकली असेल, आंदोलने मोजताना एखादे जास्त धरले गेले असेल. या चुकीचा माग काढणे म्हणजेच विज्ञान. पण वेळ संपलेला असतो, शेजारच्याची वही उघडी असते, आणि १०.४ ला गुण कमी मिळतात हे तो मागच्या तुकडीकडून ऐकून आलेला असतो. तो ९.८ पासून उलटे गणित करून निरीक्षणे तयार करतो आणि तक्ता भरतो. वहीवर सही होते. त्या क्षणी त्याने निसर्गाविषयी खोटी साक्ष दिलेली असते, आणि ती शाळेच्या संमतीने. रामन यांनी ज्या प्रकारच्या उपकरणापाशी उभे राहून न मागितलेली गोष्ट पाहिली, त्याच प्रकारच्या उपकरणापाशी आपण मुलांना न पाहिलेली गोष्ट लिहायला शिकवतो. विज्ञानात गुण मिळवण्यासाठी विज्ञानाचा पहिला नियम मोडावा लागतो, आणि जो तो अधिक सफाईने मोडतो त्याचे गुण अधिक.

याला कोणी क्षुल्लक बाब म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. सोळाव्या वर्षी तक्ता जुळवणारा हात पुढे औषधाच्या चाचणीचा, पुलाच्या काँक्रीटचा, धरणाच्या पाणीपातळीचा तक्ता भरणार असतो. अपेक्षित आकडा आधी आणि निरीक्षण नंतर, ही सवय एकदा लागली की ती प्रयोगशाळेपुरती राहत नाही. आणि न कळणे ही लाज वाटण्याची गोष्ट आहे असे ज्याच्या मनावर बिंबले, तो पुढे चमत्कार सांगणाऱ्यापुढेही 'मला हे कळत नाही, दाखवा' असे म्हणू शकत नाही. देवळापुढच्या रांगेतला पदवीधर घडण्याची सुरुवात कदाचित त्या वहीपासून होते.

म्हणून परीक्षा मोडून काढा असे मी म्हणणार नाही. दुर्बळाच्या हातातली ती एक काठी आहे. दुसरी दिल्याशिवाय ती काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु तिने आपली जागा ओळखावी. मुलाला काय येते एवढेच तिने सांगावे. तो काय आहे हे सांगू नये. आणि शाळेत थोडी जागा अशी राहावी जेथे गुणांचा संबंध नाही, निदान जेथे १०.४ लिहून तो का आला असावा याची प्रामाणिक चर्चा करणाऱ्याला ९.८ लिहिणाऱ्याहून कमी लेखले जात नाही. यासाठी नवी योजना लागत नाही, निधी लागत नाही. वहीवर सही करणाऱ्या शिक्षकाने 'हे तुला खरोखर मिळाले का?' एवढे विचारावे, आणि 'नाही' या उत्तराची शिक्षा देऊ नये. मुलाला विज्ञान आवडलेच पाहिजे असा आग्रह धरण्याचाही आपल्याला हक्क नाही. आवड ही सक्तीने येत नाही. पण जे पाहिले तेच लिहिण्याची मोकळीक त्याला देणे हे आपले कर्तव्य आहे, मग तो पुढे विज्ञानाकडे जावो, वाणिज्याकडे जावो की आमच्या वर्गात येवो.

उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. त्यात तिचा न्याय आहे. प्रयोगवहीवर मात्र त्याचे नाव असते. त्या नावाखालचा आकडा त्याचा स्वतःचा असावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.